फ्लेअर नट पाना घेताना नेमकं काय पारखायचं? (ब्रेक लाइन, १० आणि ११ मिमी)

हिंगणा_गॅरेज

नमस्कार मंडळी. ब्रेक पाइपच्या नटांसाठी फ्लेअर नट पाने घ्यायचे आहेत. डोक्यात तीन जोड आहेत: ८×१०, १०×११ आणि १२×१४. काम मुख्यतः मारुतीचं, अधूनमधून फोक्सवॅगन-स्कोडा आणि एक जुनी जीप. नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत आणि ऑनलाइन, दोन्हीकडे भरपूर प्रकार दिसतात, आणि सगळ्यांवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ लिहिलेलं असतं. चमक आणि छापील अक्षरं सोडून हातात घेतल्यावर काय पाहायचं? सहा कोनी घ्यावा की बारा कोनी? आणि फट किती रुंद असावी?

आटेदार

भाऊ, हा पाना म्हणजे पाइप आत घालता यावा म्हणून एका बाजूने कापलेला रिंग पानाच, त्या कापलेल्या जागेलाच फट म्हणतात. पूर्ण रिंगमध्ये ताण सगळीकडे वाटला जातो. एक बाजू कापली की तीच रिंग स्प्रिंगसारखी वागते, दांड्यावर जोर आला की तोंड फाकतं. तोंड फाकलं की नटाची सपाट बाजू सुटते, सगळा जोर कोपऱ्यांवर येतो आणि नट गोल होतो. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: मोकळा असताना पाना किती चपखल बसतो, आणि जोर आल्यावर किती चपखल राहतो. पहिली दुकानात दोन मिनिटांत कळते, दुसरीसाठी व्हाइस लागतो.

पहिलीची रीत अशी. नवा नट सोबत न्या, पक्का धरा, पाना चढवा आणि दांड्याचं टोक दोन्ही बाजूंना हलवून एकूण किती मिमी सरकतं ते पाहा. १५ सेंमी लांब पान्याच्या टोकाला १ अंश म्हणजे साधारण २.६ मिमी. नट ९.९ मिमी आणि पान्याचं तोंड १०.१ असेल तर पाना प्रत्येक बाजूला २ अंशांच्या आसपास फिरतो, म्हणजे टोकाला एकूण ११ मिमी. हे चांगलं बसणं झालं. नट ९.८ आणि तोंड १०.२ झालं की तोच आकडा २२-२३ मिमीवर जातो. तोंडात फरक फक्त दशांश मिमीचा, पण टोकाची चाळ (मोकळी हालचाल) दुप्पट.

१० ते १२ मिमी चाळ असेल तर बिनधास्त घ्या. १५-१६ पर्यंत चालवून घेता येतं. २० च्या वर गेली तर पाना परत ठेवा, कंपनी कोणतीही असो. मात्र नट नवाच हवा. गंजून झिजलेल्या नटावर उत्तम पानाही ढिला वाटतो.

हिंगणा_गॅरेज

ब्रेकचा सुटा नवा नट दरवेळी हाताशी नसतो. एम ६ बोल्टचं डोकं १० मिमीचं असतं, ते चालेल?

आटेदार

चालेल, पण बोल्टची डोकी मापात खाली-वर असतात. नियमाप्रमाणे ९.७८ पर्यंत खाली गेलेलं डोकंही पास होतं. आधी व्हर्नियरने मोजा आणि ९.९ च्या पुढे भरेल तोच बोल्ट खिशात ठेवा.

व्हर्नियर_४४०

त्याहून सोपं गेज म्हणजे १० मिमीची अॅलन की (एल आकाराची षटकोनी चावी). ती कडक असते, झिजत नाही आणि माप १० च्या किंचित आत असतं. लांब बाजू हातात धरायची, आखूड बाजूवर पाना चढवायचा. कोपरे जरासे गोलसर असतात तेवढं लक्षात ठेवा, त्यामुळे नव्या नटापेक्षा चाळ थोडी जास्त वाटेल. दोन-तीन पाने एकाच कीवर लावून बघितले की कोणता चपखल ते लगेच समजतं.

फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पात्यांचा संच) असेल तर अजून एक तपासणी: पाना कीवर बसवून एका बाजूला दाबा आणि समोरच्या बाजूच्या फटीत पात्या घाला. ०.३० मिमीची पाती सहज गेली तर पाना मोठा आहे. शिवाय तोंडाचं माप वरच्या कडेला आणि खालच्या कडेला, दोन्हीकडे घ्या. स्वस्त पान्यात ब्रोच (तोंड कापणारं हत्यार) तिरका गेलेला असतो, एका बाजूने १०.०५ आणि दुसऱ्या बाजूने १०.२५ असं निघतं. असा पाना उलटा केला की ढिला बसतो, आणि अडचणीच्या जागी पाना दर थोड्या फिरण्यानंतर उलटा करावाच लागतो.

षटकोनात समोरासमोरच्या तीन जोड्या. फटीमुळे एक जोडी मोजता येत नाही, राहिलेल्या दोन नक्की मोजा. त्या दोघींत ०.१ पेक्षा जास्त फरक असेल तर भोक वाकडं आहे.

सदर_सर्व्हिस

बारा कोनी पाना अडचणीच्या जागी बरा पडतो असं माझं मत. मास्टर सिलेंडरच्या मागे दांडा फिरायला जागाच नसते. बारा कोनीला ३० अंशांवर पुढची पकड मिळते, सहा कोनीला ६० लागतात.

आटेदार

दादा, रिंग पान्यासाठी तुमचं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे. कापलेल्या पान्यात गणित बदलतं. बारा कोनी तोंड नटाला कोपऱ्यांच्या अगदी जवळ, अरुंद पट्टीवर धरतं. पूर्ण रिंगमध्ये अशा सहा जागा असतात, फटीमुळे एक जाते, आणि तोंड थोडं जरी फाकलं तरी उरलेल्या पट्ट्या कोपऱ्यावरून उडी मारतात. सहा कोनीत सपाट बाजूचा बराच भाग टेकलेला असतो, म्हणून थोडं फाकणं तो पचवतो. ब्रेकच्या नटाचं लोखंड मऊ, वर आपल्याकडच्या पावसाळ्यातला चिखल आणि गंज. तिथे ही चैन परवडत नाही.

६० अंशांच्या अडचणीवर उपाय पान्यातच असतो. चांगल्या पान्याचं डोकं दांड्याशी १५ अंश तिरकं असतं. उलटा केला की दांडा ३० अंश सरकतो, म्हणजे सहा कोनी पान्यानेही ३०-३० अंशांत काम होतं. घेताना डोकं तिरकं आहे ना ते बघा. सरळ डोक्याचा पाना उलटा करून काही उपयोग नाही.

सदर_सर्व्हिस

१५ अंशांचा मुद्दा पटला. पण नट एकदा सुटला, की पुढचं बोटाने न फिरणारं काम बारा कोनीने पटापट होतं. तेवढ्यापुरता ठेवायला हरकत नाही.

आटेदार

बरोबर. सुटलेल्या नटाला काहीही लावा. पहिला झटका आणि शेवटचा कस सहा कोनीचा.

व्हर्नियर_४४०

फटीच्या रुंदीचा प्रश्न राहिला. १० मिमी षटकोनाची एक बाजू ५.७७ मिमी असते, ११ ची ६.३५. ब्रेक पाइप ४.७५ मिमीचा, म्हणजे ३/१६ इंच. त्यावर प्लास्टिकचा थर असेल तर ५ च्या थोडा पुढे. म्हणजे १० च्या पान्याला ५.३ ते ५.८ ची फट पुरते, आणि नटाची एकच बाजू उघडी राहते. फट ६.५ झाली की ती दोन्हीकडच्या शेजारच्या बाजू खायला लागते आणि टोकाशी असलेला जबडा आखूड होतो. एकच पाना जाड पाइपलाही चालावा म्हणून काही बनवणारे फट मोठी ठेवतात. पकड तिथेच कमी होते.

उलट बाजूने, पाइपवर दगडांपासून बचावाची तारेची स्प्रिंग असेल तर अरुंद फट त्या जागी घुसणार नाही. स्प्रिंग मागे सरकवता येते का ते आधी पाहायचं, त्यासाठी पाना रुंद घ्यायचा नाही.

कळमना_डिझेल

डोक्याची जाडी कुणी बोललं नाही. दोन दिशांची जाडी वेगळी समजून घ्या. एक, नटाच्या लांबीच्या दिशेने. ती नटाच्या षटकोनाइतकी किंवा जराशी कमी हवी. पातळ पत्र्यासारखा पाना नटाच्या मधल्या पट्टीलाच धरतो आणि तिरका होतो. फार जाड असला तर एकीकडे ब्रेक कॅलिपरच्या बॉडीला आणि दुसरीकडे पाइपच्या वळणाला अडतो, पूर्ण बसतच नाही. दुसरी, भोकाभोवतीची भिंत. ती जाड असेल तितकं तोंड कमी फाकतं, पण एबीएस युनिटवर नट इतके जवळजवळ असतात की जाड भिंतीचं डोकं शेजारच्या नटाला टेकतं. हलका पाना पातळ भिंतीचा असला तरी पोलाद चांगलं असेल तर टिकतो. जाड आणि मऊ असला तर नाही टिकत.

जबड्याची टोकं बघा. फटीच्या दोन्ही बाजूंना डोकं निमुळतं होत गेलेलं असेल तर तिथूनच फाकणार. टोकाशीही भिंत भरीव हवी.

हिंगणा_गॅरेज

आणि जोर आल्यावरची तपासणी? आटेदार दादा, व्हाइसचं म्हणाला होता.

आटेदार

हो, घेतल्यावर पहिल्याच दिवशी करा, म्हणजे बदलून घेता येईल.

१० ची अॅलन की व्हाइसमध्ये उभी पकडा, पाना चढवा. फटीची रुंदी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. मग सामान तोलायचा हुकाचा काटा दांड्याला लावून काटकोनात ओढा. नटाच्या मध्यापासून हुक १५ सेंमीवर असेल तर १७ किलोची ओढ म्हणजे २५ न्यूटन मीटर. ब्रेक पाइपचा नट कसायला सहसा १२ ते १८ लागतात, गंजलेला सोडवायला त्याहून जास्त, म्हणून तपासणी २५ वर. पाच सेकंद धरा, सोडा, फट पुन्हा मोजा.

ओढताना फट थोडी उघडेल, त्यात काही वावगं नाही. सोडल्यावर ती पहिल्या मापावर परत आली पाहिजे. ०.०५ मिमीपेक्षा जास्त उघडी राहिली तर पोलाद मऊ आहे, आणि दर वेळी तो थोडा थोडा मोठा होत जाणार. आतल्या सपाट बाजूंवर कीच्या कोपऱ्यांचे खड्डे पडले असतील तर तोच अर्थ. दोन्ही तोंडांची तपासणी वेगळी करा. ११ ची अॅलन की सहज मिळत नाही, तिथे ११ चा नवा नट जुन्या पाइपच्या तुकड्यासकट बॉडीत कसून बघा.

आतून क्रोमचे पापुद्रे किंवा गाठी दिसल्या तर पाना घेऊच नका. गाठीमुळे दुकानात चपखल वाटतो, चार वेळा वापरला की गाठ उडते आणि खरं माप उघडं पडतं.

कळमना_डिझेल

फटीच्या मुळाशी, आतल्या कोपऱ्यात भिंगाने बघा. तिथे तिखट कोपरा असेल तर तडा तिथून जातो. चांगल्या पान्यात तो कोपरा किंचित गोल काढलेला असतो.

सदर_सर्व्हिस

पाना उत्तम असूनही नट जातो, कारण बसवण्यात चूक होते. पाना नटावर पूर्ण खोल बसवा, पाइपला काटकोनात. डोकं अंगठ्याने दाबून धरा, दांडा दुसऱ्या हाताने. आधी तारेच्या ब्रशने नट घासा. षटकोनावरचा रंग आणि गंज गेला नाही तर पाना अर्ध्यावरच अडकतो. गंज सोडवणारं तेल नट आणि पाइप यांच्या जोडावर मारा. तिथून आत जातं, षटकोनावर मारून फायदा नाही. पंधरा-वीस मिनिटं, जुनी गाडी असेल तर रात्रभर. मग सोडवायच्या आधी किंचित कसायच्या दिशेने हलवा, आट्यांतला गंज तुटतो.

तोंड फाकतंय असं वाटलं तर जबड्याच्या दोन्ही टोकांवर आडवा व्हाइस ग्रिप लावा, फट दाबून धरतो. जागा असेल तिथे हा उपाय हमखास लागू पडतो.

हिंगणा_गॅरेज

नट फिरतो पण पाइपही सोबत पिळतो, असं झालं तर पाना कमी पडला असं समजायचं का?

आटेदार

नाही, तिथे पान्याचा दोष नाही. नट पाइपला गंजाने चिकटलाय. अर्धा फेराही पिळू देऊ नका, पाइपला घडी पडली की तो गेलाच. थोडं कसा, थोडं सोडा, पुन्हा तेल, असं मागे-पुढे. तरी सुटला नाही तर पाइप नटाच्या मागे कापा, सहा कोनी खोल सॉकेट लावून नट काढा आणि पाइप नवा बनवा. आगीने तापवू नका, ब्रेक ऑइल पेट घेतं आणि रबरी सील जळतात. जिथे पाइप रबरी होजला जोडलेला आहे तिथे होजचं टोक दुसऱ्या पान्याने धरणं सक्तीचं, नाहीतर होज पिळते.

नवा पाइप बनवताना फ्लेअर, म्हणजे पाइपचं फुलवलेलं टोक, जुन्यासारखाच हवा. फोक्सवॅगन-स्कोडात बबल फ्लेअर (फुग्यासारखं गोल टोक) असतो, ४५ अंशांचा डबल फ्लेअर (आत दुमडलेलं टोक) त्या जागेवर कितीही कसला तरी गळतो. मग लोक जास्त कसतात आणि पान्याला दोष देतात.

तांब्याची_नळी

एसीवाल्यांसाठीही हीच फूटपट्टी लागू आहे, फक्त नट पितळेचा, म्हणजे अजून मऊ. आपल्या उन्हाळ्यात घाईघाईत स्प्लिट बसवताना स्क्रू पाना लावला जातो, त्याचा जबडा समांतर राहत नाही, नटाचे कोपरे पहिल्याच वेळी दबतात आणि पुढच्या वर्षी गॅस भरताना पकडच मिळत नाही.

मापं अशी (एक सूत म्हणजे १/८ इंच): दोन सूत पाइपचा नट १७ मिमी, तीन सूतचा २२. चार सूतला जुन्या आर २२ गॅसच्या युनिटवर २४ आणि आर ४१०ए, आर ३२ वर २६. पाच सूतला तसंच २७ आणि २९. म्हणून चार-पाच सूतसाठी ‘एसीचा पाना द्या’ एवढं म्हणून भागत नाही, युनिट बघून घ्या. २४ च्या नटाला २६ चा पाना लावला तर तो जवळजवळ १० अंश मोकळा फिरतो आणि मग कोपऱ्याला पकडतो.

कस (टॉर्क) साधारण असा: दोन सूत १४ ते १८ न्यूटन मीटर, तीन सूत ३४ ते ४२, चार सूत ४९ ते ६१, पाच सूत ६८ ते ८२. युनिटच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच धरा. दोन पाने लागतातच, एक व्हॉल्व्हची बॉडी धरायला.

हिंगणा_गॅरेज

ताई, टॉर्क रेंचला फ्लेअर नटचं क्रोफूट (बिनदांड्याचं, रेंचला जोडायचं) डोकं लावलं तर आकडा बदलतो ना?

तांब्याची_नळी

डोकं रेंचच्या रेषेत पुढे आलं तर बदलतो. हवा असलेला कस गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंचची लांबी अधिक डोक्याची वाढ. समजा रेंच मुठीच्या मध्यापासून ३०० मिमी, डोकं ४० मिमी पुढे, आणि नटाला ४० न्यूटन मीटर हवेत. ४० गुणिले ३००, भागिले ३४० म्हणजे ३५.३. रेंच ३५ वर लावायचा. डोकं काटकोनात आडवं लावलं तर आकडा तोच ठेवायचा, आणि जागा असेल तर तसंच लावा, चुकायला वाव राहत नाही.

क्रोफूट घेताना भिंत जास्तच जाड बघा. दांडा नसल्यामुळे डोकं नटावर तिरकं व्हायला बघतं.

कळमना_डिझेल

ट्रॅक्टरच्या इंजेक्टर पाइपला बहुधा १७ किंवा १९ लागतो. तिथे जोर जास्त, त्यामुळे फाकण्याची तपासणी २५ वर न थांबवता ४० पर्यंत करा. बुटीबोरीच्या हायड्रॉलिक मशीनवाल्यांनी मात्र मिमीच्या सेटवर भरवसा ठेवू नये. जेआयसी (हायड्रॉलिक पाइपच्या जोडाचा एक प्रकार) नट इंची असतात, चार नंबरला ९/१६, सहाला ११/१६, आठला ७/८ इंच. ११/१६ म्हणजे १७.४६ मिमी, १७ चा पाना चढतच नाही आणि १८ चा प्रत्येक बाजूला ३ अंशांहून जास्त फिरतो. शिवाय तो फ्लेअर ३७ अंशांचा, एसीचा ४५. आटे जुळले म्हणून एकावर एक कसू नका.

हिंगणा_गॅरेज

खूप उपयोग झाला. मग माझी यादी बरोबर आहे का? आणि जीपचं काय करायचं?

आटेदार

८×१० सोडा. त्यातलं ८ चं तोंड ब्रेकच्या नटाला लागणार नाही, आणि ब्लीडर निपलला (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) पूर्ण रिंग पाना किंवा सहा कोनी सॉकेटच लावावं. तिथे पाइप नसतो, मग कापलेला पाना कशाला? १०×११ चांगल्यातला चांगला घ्या, मारुतीचा १० आणि फोक्सवॅगन-स्कोडाचा ११ त्यातच आला. मास्टर सिलेंडरचा मोठा नट १३ आहे की १४ ते गाडीवर मोजा, मग ११×१३ की १२×१४ ते ठरवा.

जीपचे नट आधी व्हर्नियरने मोजा. ७/१६ इंच निघाला तर तो ११.११ मिमी. ११ च्या पान्यात तो एकतर अडकून बसतो किंवा चढतच नाही, ठोकून चढवला तर पान्याचं तोंड कायमचं मोठं होतं आणि पुढे तो ११ च्या नटाला निकामी. १२ चा लावला तर ९ अंशांहून जास्त मोकळा. ३/८ इंचाचा नट ९.५ मिमीचा, त्यावर १० चा पाना साधारण साडेपाच अंश फिरतो, तोही नको. ३/८×७/१६ हा इंची जोड वेगळा घ्या आणि दांड्यावर रंगाची पट्टी मारून ठेवा, म्हणजे घाईत ११ च्या जागी ७/१६ हातात येणार नाही.

व्हर्नियर_४४०

इंची जोड लगेच पारखायचा असेल तर ३/८ ची अॅलन की मिळते. ७/१६ ला नवा नट किंवा १/४ इंची बोल्टचं डोकं वापरा, तेही ७/१६ चंच असतं.